ताबा सोडण्याचा सराव : आठ आठवड्यांच्या एका अभ्यासवर्गाचे परीक्षण

नोकरी करणाऱ्या माणसांचा रोजचा ताण कमी व्हावा म्हणून ‘ताबा सोडायला’, म्हणजे सारे काही आपल्याच नियंत्रणात ठेवण्याची सवय सोडायला, शिकवणारा आठ आठवड्यांचा एक ऑनलाइन वर्ग मी नुकताच पूर्ण केला. अशा वर्गांच्या जाहिराती बऱ्याच दिसतात, पण त्यात नेमके काय करवून घेतात आणि त्याचा उपयोग कोणाला होतो याविषयी सविस्तर लिहिलेले मला फारसे वाचायला मिळाले नव्हते, म्हणून हे लिहीत आहे. वर्गातील काही उणिवांबद्दल मी स्पष्टपणे लिहिणार असल्यामुळे आयोजक संस्थेचे आणि शिकवणाऱ्या बाईंचे नाव दिलेले नाही.

वर्गाची रचना साधी आहे. आठवड्यातून एकदा दीड तासाचे सत्र, बारा सहभागी, समुपदेशनाचे शिक्षण घेतलेल्या एक मार्गदर्शक, छापील सरावपुस्तिका आणि रोज वीस-पंचवीस मिनिटांचा घरचा सराव. त्याच्या जोडीला मोबाइलवरचे एक अॅपही आहे, ज्याबद्दल पुढे लिहिते.

मी सहा जणांच्या एका गटाची प्रमुख आहे. आमच्याकडून बाहेर जाणारे प्रत्येक पत्र, प्रत्येक तक्ता माझ्या नजरेखालून गेल्याशिवाय मला चैन पडत नसे. रजेच्या दिवशीही मी तीन-चार वेळा मेल उघडत असे, आणि रात्री अंथरुणावर पडल्यावर दुसऱ्या दिवशीची कामे मनातल्या मनात पुन्हा पुन्हा मांडून पाहत असे. याला मी अनेक वर्षे जबाबदारीची जाणीव म्हणत आले. एक दिवस गटातील एका तरुण सहकाऱ्याने मला अत्यंत नम्रपणे विचारले, ‘‘मॅडम, मी केलेलं काम तुम्ही शेवटी पुन्हा करणारच असाल, तर मी ते नीट कशासाठी करू?’’ त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते, आणि त्याच आठवड्यात मी या वर्गात नाव नोंदवले.

पहिल्या आठवड्यात कोणताही उपदेश नव्हता, हे मला या वर्गाचे सर्वांत मोठे बलस्थान वाटते. सात दिवस केवळ नोंद करायची होती. कोणत्याही गोष्टीची खातरजमा केली, कोणाला आठवण करून दिली, दुसऱ्याचे काम दुरुस्त केले किंवा पुन्हा केले, की वेळ लिहायची, काय केले ते लिहायचे, त्याआधी मनात काय आले ते लिहायचे, आणि हे केले नसते तर काय झाले असते असे वाटले तेही लिहायचे. एवढे चार रकाने होते. वागण्यात कोणताही बदल करू नये, अशी स्पष्ट सूचना होती.

पहिल्याच दिवशी माझ्या वहीत ३१ नोंदी झाल्या. पाठवून झालेली मेल पुन्हा उघडून जोडलेली फाइल बरोबर आहे ना ते पाहिले. ज्या कामाची मुदत परवा होती त्याबद्दल ‘झालं का?’ असा संदेश सकाळी एकदा आणि दुपारी एकदा पाठवला. सहकाऱ्याच्या पत्रातले एक निर्दोष वाक्य केवळ मी तसे लिहिले नसते म्हणून बदलले. घरी आल्यावर दुसऱ्याने घडी घातलेले कपडे पुन्हा घडी घालून ठेवले. आठवड्याच्या शेवटी मार्गदर्शकांनी प्रत्येक नोंदीपुढे एकच खूण करायला सांगितली, ती म्हणजे या कृतीमुळे काही बदलले का. माझ्या नोंदींपैकी जेमतेम एक चतुर्थांश नोंदींपुढे खूण झाली. उरलेल्या कृतींनी कामात तसूभरही फरक पडला नव्हता. त्यांनी केवळ मला काही मिनिटांपुरता दिलासा दिला होता.

हा दिलासाच पुढच्या खातरजमेला जन्म देतो, हे मार्गदर्शकांनी फार चांगल्या रीतीने उलगडून सांगितले. मनात शंका येते, आपण तपासतो, सारे ठीक आहे असे दिसते आणि छातीतले दडपण उतरते. त्यामुळे दडपण उतरण्याचे श्रेय तपासण्याला मिळते आणि पुढच्या वेळी शंका आली की हात आपोआप त्याच दिशेने जातो. न तपासताही सारे ठीकच असते, हे शिकण्याची संधी मात्र मनाला कधी मिळत नाही. इतकी वर्षे मी ज्याला माझा स्वभाव समजत होते ती बऱ्याच अंशी एक सवय होती, आणि सवय म्हटल्यावर तिच्यावर काम करता येते, एवढा विश्वास मला या एका आठवड्याने दिला.

दुसऱ्या आठवड्यात नोंदींची वर्गवारी होती. येथे पहिल्या-दुसऱ्या शतकातील ग्रीक तत्त्वचिंतक एपिक्टेटस याच्या विचाराचा आधार घेतला होता. गुलामीत जन्मलेल्या या माणसाने आपले निर्णय, इच्छा आणि मते ही आपल्या स्वाधीन, तर शरीर, मालमत्ता, कीर्ती आणि अधिकारपद ही आपल्या स्वाधीन नसलेली अशी विभागणी केली होती. वर्गात या दोहोंच्या मध्ये ‘ज्यावर माझा थोडाफार प्रभाव पडू शकतो’ असा तिसरा रकाना घातला होता. तो मला अत्यावश्यक वाटला, कारण नोकरीतील बहुतेक गोष्टी त्यातच मोडतात. अहवाल वेळेत लिहिणे माझ्या हातात असते. तो वाचणाऱ्याने वेळेत वाचावा म्हणून मी तो सुटसुटीत करू शकते. त्याला तो आवडेल की नाही हे मात्र माझ्या हातात नसते. ताण बहुतेक वेळा या हातात नसलेल्या गोष्टीवर हातातल्या गोष्टीइतकीच शक्ती खर्च केल्यामुळे येतो.

याच सत्रात मानसशास्त्रज्ञ एलन लँगर यांच्या १९७५ मधील प्रयोगाचा उल्लेख झाला. सोडतीचे तिकीट ज्यांनी स्वतः निवडले होते त्यांनी ते विकण्यासाठी, ज्यांच्या हाती तिकीट नुसते दिले होते त्यांच्या तुलनेत, सरासरी चौपटीहून अधिक रक्कम मागितली. जिंकण्याची शक्यता दोघांचीही सारखीच होती. आपण हात लावला म्हणजे निकाल आपल्या बाजूने झुकतो हा भास किती खोलवर असतो, हे यावरून लक्षात येते. ते बदललेले निर्दोष वाक्य मला त्या वेळी आठवले.

तिसऱ्या आठवड्यातील स्नायू शिथिल करण्याच्या सरावाबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. एडमंड जेकबसन यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात विकसित केलेली, एकेक स्नायुगट आधी ताणून मग सैल सोडण्याची ही पद्धत आहे. ती नीट शिकवली गेली आणि खांदे व जबडा यांच्या बाबतीत मला तिचा उपयोग होतो. या आठवड्यातील खरी महत्त्वाची गोष्ट म्हणजे मनातला विचार बळाने हाकलू नये, ही ताकीद. डॅनियल वेग्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांना पाच मिनिटे पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका असे सांगितले होते, आणि तरीही तो विचार त्यांच्या मनात पुन्हा पुन्हा येत राहिला. काळजी सोडून द्यायची म्हणून तिच्यावर पहारा बसवणे हादेखील ताबाच आहे, हे मार्गदर्शकांचे म्हणणे मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले आहे.

त्याऐवजी काय करावे, याचे उत्तर चौथ्या आठवड्यात मिळाले. टॉमस बॉर्कोव्हेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये मांडलेल्या पद्धतीनुसार काळजीसाठी रोज ठरावीक वेळी आणि ठरावीक जागी अर्धा तास राखून ठेवायचा. दिवसभरात आलेली काळजी कागदावर एका ओळीत टिपायची आणि त्या अर्ध्या तासावर ढकलायची. मी संध्याकाळी साडेसहाची वेळ घेतली. झोपेच्या अगदी आधीची वेळ घेऊ नये, अशी सूचना होती आणि ती योग्यच आहे. पहिल्या तीन-चार दिवसांत यादी लांबलचक होत असे, परंतु साडेसहाला ती उघडली की त्यातील निम्म्याहून अधिक ओळी शिळ्या झालेल्या असत. ज्या उरत त्यांच्यासाठी पुढचे पाऊल कोणते, एवढेच लिहायचे. रात्रीचा माझा मनातला हिशेब पूर्ण थांबला असे मी म्हणणार नाही, पण आता तो रोज होत नाही.

पाचवा आठवडा हा या वर्गाचा गाभा आहे. प्रत्येकाने आपल्या हातातले एक काम दुसऱ्याकडे सोपवायचे आणि ते पूर्ण होऊन बाहेर जाईपर्यंत त्याकडे पाहायचे नाही. तत्पूर्वी काय होईल याचे भाकीत लिहायचे आणि त्याची किती टक्के खात्री वाटते तो आकडाही लिहायचा. मी मासिक गोषवाऱ्याचे काम निवडले आणि ज्याने मला तो प्रश्न विचारला होता त्याच सहकाऱ्याकडे ते दिले. ‘किमान तीन चुका होतील, तक्रार येईल आणि सगळे मला निस्तरावे लागेल’ असे भाकीत लिहून त्यापुढे ८० टक्के असा आकडा घातला.

त्या दिवशी सकाळी मला अस्वस्थ वाटले हे खरे आहे. मार्गदर्शकांनी अस्वस्थतेची तीव्रता दर पंधरा मिनिटांनी शून्य ते दहा अशी नोंदवायला सांगितली होती. पहिल्या तासात ती आठवर गेली, नंतरच्या तासाभरात पाचवर आली आणि दुपारपर्यंत तीनच्या खाली उतरली, त्यासाठी मी काहीही तपासलेले नसताना. हा उतार स्वतःच्या आकड्यांत पाहणे हा मला या संपूर्ण वर्गातील सर्वांत मोलाचा अनुभव वाटतो. गोषवारा गेला. त्यात एक चूक निघाली. एका रकान्याच्या शीर्षकात मागील महिन्याचे नाव राहिले होते. ती समोरच्यांनी दाखवली आणि दहा मिनिटांत दुरुस्त झाली. दुसरीकडे, त्या सहकाऱ्याने तक्त्याची मांडणी अशी बदलली होती की वाचणाऱ्याला तीन पाने उलटण्याची गरज राहिली नाही. मला ती इतक्या वर्षांत सुचली नव्हती. आम्ही ती मांडणी कायम केली आहे.

चुका होणारच नाहीत असे आश्वासन या वर्गाने कुठेही दिले नाही, याबद्दल मला आदर वाटतो. उलट, कोणते काम सोपवावे याची कसोटी चुकीच्या किमतीवरच ठरवली होती. चूक झाली तर ती सापडेल का, दुरुस्त होईल का आणि तिचा त्रास कोणाला होईल, हे तीन प्रश्न आधी विचारायचे होते. रुग्णालयात काम करणाऱ्या एका सहभागी ताईंनी विचारले, ‘‘औषध देताना दोनदा पडताळणं हा आमच्याकडे नियम आहे. तेही सोडायचं का?’’ मार्गदर्शकांनी क्षणाचाही विलंब न लावता नाही म्हणून सांगितले. नियमाने ठरलेली पडताळणी हा कामाचा भाग आहे, तिला हात लावायचा नाही. ती झाल्यावर घरी पोचेपर्यंत मनात पाच वेळा होणारी पडताळणी हा आपला विषय आहे, असे त्या म्हणाल्या. इतका नेमका फरक मी अन्यत्र ऐकलेला नाही.

सहाव्या आठवड्यात मात्र वर्ग घसरला आणि त्याबद्दल मला तपशिलाने लिहिले पाहिजे. विषय होता ‘स्वीकार’. सहभागींमध्ये ग्राहकांचे फोन घेणाऱ्या विभागात काम करणाऱ्या एक बाई होत्या. त्यांचा प्रत्येक फोन सेकंदांत मोजला जातो, बोलण्याची वाक्ये आधीच लिहून दिलेली असतात आणि स्वच्छतागृहात जाण्याची वेळदेखील संगणकावरून ठरते. त्यांनी हे सांगितल्यावर त्यांना उत्तर मिळाले ते एवढेच, की परिस्थिती आपल्या हातात नसली तरी आपली प्रतिक्रिया आपल्या हातात असते. हे विधान खोटे नाही. पण त्या बाईंची अडचण ताबा सोडता येत नाही ही नव्हती. त्यांच्याकडे सोडण्याजोगा ताबाच नव्हता.

कामाच्या ताणाविषयीचे संशोधन या बाबतीत पुरेसे स्पष्ट आहे आणि ते वर्गाच्या पुस्तिकेत नसणे ही गंभीर उणीव आहे. रॉबर्ट करासेक यांनी १९७९ मध्ये मांडलेल्या प्रतिमानानुसार कामाचा बोजा जास्त आणि निर्णयाचे स्वातंत्र्य कमी, या दोन गोष्टी एकत्र आल्या की ताण सर्वाधिक होतो. दहा हजारांहून अधिक ब्रिटिश सरकारी कर्मचाऱ्यांच्या, १९८५ मध्ये सुरू झालेल्या दीर्घकालीन अभ्यासात आपल्या कामावर कमी नियंत्रण असणाऱ्यांमध्ये हृदयविकाराचा धोका अधिक आढळला. डेव्हिड ग्लास आणि जेरोम सिंगर यांनी केलेल्या प्रयोगांत कर्कश आवाज सहन करणाऱ्या काही जणांना तो बंद करण्याचे बटण दिले होते, परंतु शक्यतो ते दाबू नका असे सांगितले होते. बहुतेकांनी ते दाबले नाही. तरीही नंतर दिलेल्या कामांत ते इतरांपेक्षा अधिक चिकाटीने टिकले आणि त्यांच्या चुकाही कमी झाल्या. हाताशी बटण आहे, ही जाणीवच पुरेशी ठरली. कामानंतरच्या विसाव्यावर सबिना झोनेनटाग आणि शार्लोट फ्रिट्झ यांनी २००७ मध्ये जी मोजपट्टी तयार केली, तिच्या चार घटकांपैकी एक घटक स्वतःच्या मोकळ्या वेळेवरील नियंत्रण हाच आहे.

म्हणजे ताबा ही वस्तू मुळातच अपायकारक नाही. ती काही जणांकडे गरजेपेक्षा जास्त साठलेली असते, तर काही जणांकडे गरजेइतकीही नसते. या दोन्ही प्रकारच्या माणसांना एकाच वर्गात बसवून एकच औषध देणे अन्यायाचे आहे, आणि दुसऱ्या प्रकारच्या माणसाला स्वीकार शिकवणे म्हणजे त्याच्यावरचा अन्याय त्याच्याच मनाच्या दुबळेपणाच्या खाती टाकणे आहे. त्या बाई सातव्या सत्राला आल्या, पण काही बोलल्या नाहीत. आठव्या सत्राला त्या आल्याच नाहीत. याची खंत मला आजही वाटते, कारण त्या सत्रात मीही गप्प बसले होते.

अॅपविषयीची तक्रार त्या मानाने लहान आहे. सराव केल्याचे सलग दिवस ते मोजते आणि एक दिवस चुकला की मोजणी पुन्हा शून्यावर आणते. माझ्यासारख्या माणसांना हे आणखी एक तपासण्याचे ठिकाण पुरवते. दहाव्या दिवशी मी सरावासाठी नाही, तर आकडा तुटू नये म्हणून खाली बसले आहे हे माझ्या लक्षात आले आणि मी ते अॅप काढून टाकले. कागदाची पुस्तिका पुरेशी आहे. बारा जणांसाठी दीड तास अपुरा पडतो आणि वहीतील नोंदींवर मिळणारा अभिप्राय दोन वेळा आठवडाभर उशिरा आला, हेही नोंदवले पाहिजे.

वर्ग संपून दोन महिने झाल्यावर मी पुन्हा एक दिवस सगळी नोंद केली. ३१ च्या जागी १२ नोंदी झाल्या आणि त्यातील आठ नोंदींपुढे खूण करता आली. रजेच्या दिवशी मेल उघडणे बंद झाले आहे. वरिष्ठांसमोर जाणारे कागद मात्र मी अजूनही दोनदा वाचते. ज्यांच्या हातात इतरांच्या कामाचे निर्णय असतात, म्हणजे गटप्रमुख, छोट्या व्यवसायाचे चालक, शाळेचे किंवा विभागाचे प्रमुख, त्यांना मी हा वर्ग आग्रहाने सुचवेन. ज्यांचा दिवस दुसऱ्याच्या घड्याळावर चालतो त्यांनी पहिले पाच आठवडे अवश्य घ्यावेत, परंतु सहाव्या आठवड्यातील उपदेश स्वतःवर लादून घेऊ नये. त्यांना शांत राहण्याच्या कौशल्याइतकीच मागणी करण्याची, सहकाऱ्यांना सोबत घेण्याची आणि कामाच्या पद्धतीतील बदल लेखी मांडण्याची गरज आहे.

आयोजकांना मी सविस्तर पत्र लिहिले. त्यात सहाव्या सत्राची फेरमांडणी करावी, असे सुचवले. शिवाय पहिल्या आठवड्याच्या नोंदवहीत ‘हा ताबा खरे तर कोणाकडे असायला हवा?’ असा पाचवा रकाना घालावा, अशी विनंती केली. आपल्याकडचा जादा ताबा बहुतेक वेळा आपल्याच शेजारच्या माणसाकडून आलेला असतो, ही गोष्ट मला वर्गाने शिकवली नाही. ती मला त्या फोन घेणाऱ्या बाईंचे बोलणे नंतर आठवताना कळली. माझ्या गटातील सहा जणांच्या बाबतीत, दिवसाच्या कामांचा क्रम कोणी ठरवायचा, याचा निर्णय मीच घेत होते. पत्राला अजून उत्तर आलेले नाही. पाचवा रकाना मी माझ्या वहीत पेनाने आखून घेतला आहे आणि त्यातील पहिल्या ओळीत त्या सहा जणांची नावे लिहिली आहेत. गेल्या सोमवारपासून कामांचा क्रम तेच ठरवतात.